वाटण्यासाठी कोरलेली चित्रं

संपादकांना लेख हवा होता स्पेनवर. फ्रँकोच्या हुकूमशाहीत, १९६०च्या आसपास, माद्रिदमध्ये होसे ओर्तेगा आणि मित्रांनी ‘एस्ताम्पा पोपुलार’ हा छापचित्रकारांचा गट उभा केला. शेतमजूर, खाणकामगार, कैदी हे त्यांचे विषय. गोयाच्या युद्धचित्रांचा वारसा त्यांच्या पाठीशी. पण डोंबिवलीकराला अंधेरी जवळची. दादरला गाडी बदलली की झालं. त्या अंधेरीत चित्तप्रसाद भट्टाचार्य कित्येक वर्षं हेच काम एकट्यानं करत होते.

जन्म १९१५, नैहाटीचा. १९४३च्या बंगालमधल्या दुष्काळात मिदनापूर पायी तुडवून त्यांनी भुकेल्या माणसांची रेखाटनं केली. १९४६मध्ये मुंबईत आले.

मला खिळवलं ते त्यांच्या छापचित्रांसाठीच्या लिनोनं. जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा मिसळून केलेला थर, पाठीला तागाचं कापड. थोडं ऊन दाखवलं की तो मऊ होतो, हत्यार सुरळीत चालतं. कोराल तेवढं पांढरं, उरेल तेवढं काळं, आणि सगळं उलटं. चुकून निघालेला तुकडा परत बसत नाही. म्हणून चित्तप्रसादांच्या मजूर मुलांच्या बरगड्या, डोळे, बोटं अशी ठाम दिसतात. तिथं हात चाचरून भागत नाही. ही लिनोचित्रं १९६९मध्ये डेन्मार्कच्या युनिसेफ समितीनं पुस्तकरूपात आणली.

लिनो स्वस्त. छापयंत्र नसेल तर कागदाच्या पाठीवर चमचा घासूनही ठसा उठतो. चित्र चारचौघांच्या हाती पडावं म्हणूनच हे माध्यम. अडचण इथूनच सुरू होते. दुष्काळाच्या रेखाटनांचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक इंग्रजांनी जप्त करून जाळलं. घरच्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये जपलेल्या एका प्रतीवरून ते २०११मध्ये पुन्हा छापलं गेलं. सरकारी आगीतून वाचलेलं काम आता बाजाराच्या हाती आहे. जुना लिनो कडक होऊन तडकतो, त्यामुळे मूळ ठसे मोजके, आणि मोजकं ते महाग. स्पेनमधली स्वस्तात विकलेली छापचित्रंही आता संग्रहालयांत आहेत.

जपणूक हवीच. पण कल्याणच्या शाळेतल्या भिंतीला लिलावातली प्रत लागत नाही, स्वच्छ छपाई पुरते. त्या छपाईचे हक्क कोणाकडून मिळवायचे आणि खर्च कोणी उचलायचा, हे आधी ठरायला हवं. नाहीतर उपाशी मुलांची चित्रं फक्त पोट भरलेल्यांच्या दिवाणखान्यात लागतील.