सिलॅबाय की सिलॅबसेस?

परभणीत 1972 मध्ये स्थापन झालेल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी इंग्रजीतून वनस्पतिरोगशास्त्र शिकताना फंगस (बुरशी) आणि बॅक्टेरियम (जिवाणू) हे लॅटिन रूपाचे शब्द सतत भेटतात. त्यांची अनेकवचने फंगाय आणि बॅक्टेरिया. त्यावरून ‘अस’ने संपणाऱ्या प्रत्येक इंग्रजी शब्दाला ‘आय’ लावावा, असा समज होतो. तो बरोबर नाही.

उसन्या शब्दाचे अनेकवचन इंग्रजी दोन प्रकारे करते: मूळ लॅटिन नियमाने किंवा स्वतःच्या नियमाने. मराठीनेही ‘नोट’ घेतली आणि ‘नोटा’ केल्या, तसाच हा दुसरा प्रकार.

व्हायरसचे अनेकवचन व्हायरसेस. प्राचीन लॅटिनमध्ये या शब्दाचे अनेकवचन रूढ नव्हते. ऑक्टोपस मुळात ग्रीक, म्हणून ऑक्टोपसेस हे रूप अधिक योग्य. बस हा ‘ओम्निबस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’ या लॅटिन रूपाचा शेवटचा तुकडा. तिथे ‘आय’चा प्रश्नच येत नाही.

सिलॅबस आणि फॉर्म्युला यांची दोन्ही अनेकवचने शब्दकोशांना मान्य आहेत. शास्त्रीय लेखनात त्या विषयातले रूढ रूप घ्यावे आणि एका लेखात एकच रूप ठेवावे.