दोन मिनिटांचं काम, पन्नास रुपयांचा दर

2025 मध्ये लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीची मुदत 18 नोव्हेंबरवरून 31 डिसेंबरवर गेली आणि लाखो बहिणींचा जीव भांड्यात पडला. उल्हासनगरच्या बराकींत, अंबरनाथच्या चाळींत, बदलापूरच्या नव्या संकुलांत ज्या एका मुलीकडे लॅपटॉप होता, तिचा मात्र पडला नाही. तिच्या दृष्टीने मुदतवाढ म्हणजे आणखी दीड महिना दारावरची बेल. आधी काकूंचं आधार, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी, मग काकांचं आधार, त्यांच्या मोबाईलवर ओटीपी. काका एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, फोन लॉकरमध्ये. मध्येच साईट बसते. 'दोन मिनिटांचं काम आहे गं' म्हणत आलेल्या काकू पाऊण तास सोफ्यावर, आणि उठताना बी विंगेतल्या भाचीचा नंबर देऊन जातात.

या कामाला दर नाही असं कोणी म्हणू नये. 2024 च्या जुलैत योजनेचे अर्ज भरायला सुरुवात झाली, तेव्हा अंगणवाडी सेविकांसह अर्ज भरून देणाऱ्यांना पात्र अर्जामागे 50 रुपये द्यायचं राज्य सरकारनेच ठरवलं होतं. फॉर्म भरून देणं हे श्रमाचं काम आहे, हे सरकारला कळलं. लॅपटॉपवालीच्या वाट्याला फार तर चहा येतो, तोही तिच्याच घरचा.

या तिन्ही गावांत हुन्नरवाल्यांना तोटा नाही, म्हणून मागणाऱ्यांनाही नाही. उल्हासनगरात शिलाईचं युनिट असेल तर 'एवढी जीन्स खालून मारून दे'. फर्निचर बाजारात ओळख असेल तर 'सुताराला रविवारी पाठव ना, कडीच बसवायचीय'. अंबरनाथचा इलेक्ट्रिशियन लग्नाला जेवायला म्हणून जातो आणि हॉलच्या मीटरबोर्डाशी उभा दिसतो. बदलापुरात फॉल-पिको करणाऱ्या, मेंदी काढणाऱ्या, चौथीच्या पोरांना शिकवणाऱ्या बायकांना तर 'तू घरीच असतेस ना' हे एक वाक्य जन्मभर पुरतं. सगळ्यात भारी तो, जो तुमच्या वतीने परस्पर शब्द देऊन येतो: 'आमच्या शेजारी सीए आहे, तो करून देईल.' हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला याच्याइतका तत्पर माणूस मिळणार नाही.

फुकट काम मागणारा माणूस निगरगट्ट असतो, हा आपला लाडका समज. व्हेनेसा बोन्स या संशोधक बाईंनी त्याला चांगलाच सुरुंग लावला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या बोन्स 'मागणे' या एकाच विषयाच्या मागे वर्षानुवर्षं लागल्या आहेत. फ्रान्सिस फ्लिन यांच्याबरोबरचा त्यांचा 2008 चा प्रयोग साधा होता: अनोळखी लोकांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणा. किती जणांना विचारावं लागेल, असं आधी विचारलं तर अंदाज आला सुमारे 20. प्रत्यक्षात सुमारे 10 जणांतच काम झालं. मागणाऱ्याला वाटतं त्याच्या दुप्पट सहजतेने लोक 'हो' म्हणतात. कारण मागणारा समोरच्याचे कष्ट मोजत बसतो, पण तोंडावर 'नाही' म्हणताना समोरच्याची काय त्रेधा उडते, ते त्याच्या हिशेबात येतच नाही.

इथवर ठीक. 2014 च्या प्रयोगात बोन्स आणि सहकाऱ्यांनी मात्र कमाल केली. ग्रंथालयाच्या पुस्तकात पेनाने 'लोणचं' या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहून द्या, अशी विनंती अनोळखी लोकांना करायची. पुस्तक खराब करायचं, कारण काय तर कोणाची तरी गंमत करायचीय. सरासरी 28 टक्के लोक ऐकतील, असं विचारणाऱ्यांना वाटलं होतं. लिहून दिलं 64 टक्क्यांहून जास्त लोकांनी. कुरकुरत, पुस्तकाच्या मालकीविषयी शंका काढत, पण दिलं. समोर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाची भीड मोडवत नाही म्हणून जर माणूस सार्वजनिक पुस्तक खराब करतो, तर रोज लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकूंपुढे लॅपटॉपवाल्या मुलीचा काय पाड? आणि हे प्रयोग अनोळखी लोकांवरचे. त्यांना ना सोसायटीची सभा होती, ना गणपतीची वर्गणी, ना एकाच टाकीचं पाणी.

मागणाराही 'नाही' कधी ऐकतच नाही. म्हणून पुढच्या वेळी जास्त मागतो. ही निर्लज्जपणाची नाही, चुकीच्या माहितीची गोष्ट आहे, आणि माहिती देण्याचं काम ज्याच्याकडे मागितलं जातं त्याचं आहे. हे अन्यायाचं वाटेल, पण तसंच आहे.

त्यातही मागण्या सर्वांकडे सारख्या येत नाहीत. लिंडा बॅबकॉक आणि सहकारी अर्थशास्त्रज्ञांच्या 2017 च्या प्रयोगांत, करून नाव होत नाही अशी कामं पुरुषांपेक्षा स्त्रियांना 44 टक्के जास्त वेळा सांगितली गेली. सांगितल्यावर पुरुषांनी 51 टक्के वेळा होकार दिला, स्त्रियांनी 76 टक्के वेळा. फॉल-पिकोवालीला हे शिकवायला अमेरिकेतून कोणी यायची गरज नाही.

मग माणसाने माणसाच्या उपयोगीच पडू नये का, असा प्रश्न इथे हटकून येतो. बदलापूरकरांना तरी तो विचारू नये. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली, तेव्हा सुमारे 1,050 प्रवाशांच्या मदतीला एनडीआरएफ आणि नौदलाच्या जोडीने चामटोली परिसरातले गावकरीही धावले. पावती कोणी फाडली नाही, फाडायचीही नव्हती. रोजच्या लोकलमध्येही हिशेब चोख असतो. बदलापूरहून बसून आलेला गटातला माणूस ठरलेल्या स्टेशनला उठतो आणि अंबरनाथला चढून उभ्या राहिलेल्या सोबत्याला बसवतो. चौथ्या सीटवरचा अर्ध्या मांडीने बसतो, पण उद्या तोच सरकून जागा देतो. एक पाळी संकटाची असते, दुसरी फेडीची. फुकट्याकडे दोन्ही नसतात. त्याला ना पूर आलेला असतो, ना तो कधी उठतो.

जुन्या गावगाड्यात ही फेड निदान बलुत्याच्या रूपाने बांधलेली होती, जरी ती बांधणी जातीची होती आणि तिच्यातला अन्याय आजही विसरण्यासारखा नाही. महसूल खात्यात काम केलेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 च्या 'गांव-गाडा' या पुस्तकात, कुणब्याच्या पिकावर किती जण कोणकोणत्या नावाने हात ठेवतात, हे उभं-आडवं मांडलं आहे. आज बलुतं गेलं, हक्काचा सूर तेवढा राहिला.

कायदा काय म्हणतो, हे या वादात क्वचितच कोणी विचारतं. विचारायला हवं, कारण तो अनपेक्षितपणे नेमका बोलतो. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 70 सांगतं की एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केलं, ते फुकट करण्याचा त्याचा इरादा नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे. करार झालेलाच नसला तरी. पण त्याच कलमाखाली उदाहरण आहे: अ ने ब ची मालमत्ता आगीतून वाचवली, आणि परिस्थितीवरून दिसलं की अ ने ते फुकटच करायचं मनात धरलं होतं, तर अ ला काही मागता येणार नाही. म्हणजे 'असू दे हो काका, पैशांचं काय' असं हसून म्हटलं की कलम 70 दारातूनच परत जातं. ज्याला पैसे हवेत त्याने काम हाती घेण्याआधी बोलावं. नंतरची धुसफूस न्यायालयाच्या कामाची नाही.

मागणाऱ्यानेही एक ध्यानात घ्यावं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'सेवा' या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. ओळखीच्या मुलाने फुकट दुरुस्त केलेला मिक्सर तिसऱ्या दिवशी जळाला, तर तक्रार घेऊन जायला ग्राहक आयोग नाही.

मग बोलायचं कसं? इथे विद्यापीठापेक्षा उल्हासनगरच्या बाजाराकडून जास्त शिकता येतं. 'आज नगद, कल उधार' ही पाटी कोणा एकाला उद्देशून नसते, म्हणून कोणाला लागत नाही. भवानीच्या वेळी उधारी मागू नये, हे तर गिऱ्हाईकच एकमेकांना सांगतात. नकार माणसाने दिला की राग येतो, रिवाजाने दिला की येत नाही. फॉल-पिकोवालीने दाराशी दरपत्रक लावावं, शिकवणीवालीने फी व्हॉट्सॲपच्या स्टेटसला टाकावी. बोन्स यांच्याच 2017 च्या अभ्यासात समोर उभं राहून केलेली विनंती ई-मेलपेक्षा 34 पट प्रभावी ठरली होती. तेव्हा दारात आलेल्याला 'मेसेज टाका, बघून सांगते' म्हणणं हा अर्धा नकारच आहे, आणि त्यात खोटं काही नाही.

डॉक्टरांची सोय तर केंद्र सरकारनेच केली आहे. 25 मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर दिलेला सल्लाही रीतसर वैद्यकीय सल्लाच. त्याची नोंद ठेवायची आणि त्याची योग्य फी घेता येते. 'जरा रिपोर्ट पाठवतो, नजर टाक' याला उत्तर म्हणून या सूचना कोणत्याही डॉक्टरला बेधडक पुढे करता येतील.

राहिले वकील. त्यांच्याकडे फुकट सल्ला मागणाऱ्यांत खरे गरजूही असतात, आणि त्यांच्यासाठी ओळख काढायची गरजच नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीत असलेले यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना ठरलेल्या उत्पन्न मर्यादेत. ठाणे जिल्ह्यातल्या अर्जदाराने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं, किंवा 15100 या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करावा.