रिकाम्या होणाऱ्या दालनांचे काय?

जानेवारी १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे काम सुरू झाले, तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. संसद भवनातील जे सभागृह ब्रिटिशांनी संस्थानिकांच्या नरेंद्र मंडळासाठी बांधले होते, तेथे न्यायमूर्ती बसू लागले आणि १९५८ पर्यंत तेथेच बसले. राजेरजवाड्यांच्या मानपानासाठी उभारलेल्या दालनात सामान्य नागरिकाच्या मूलभूत हक्कांचा निवाडा होऊ लागला. त्याच वास्तूतील मध्यवर्ती सभागृह मुळात ग्रंथालयासाठी होते. ९ डिसेंबर १९४६ रोजी तेथे संविधान सभेची पहिली बैठक भरली. राष्ट्रीय संग्रहालयाचा आरंभही असाच उसन्या जागेत झाला. १५ ऑगस्ट १९४९ रोजी ते उघडले, ते आजच्या राष्ट्रपती भवनाच्या दरबार हॉलमध्ये.

जुन्या इमारतींचा नव्या कामासाठी वापर हा आज वास्तुविशारदांच्या परिषदांतील मानाचा विषय आहे. दिल्लीने मात्र तो निव्वळ गरजेपोटी केला, आणि पुष्कळ आधीपासून. काश्मीरी गेटजवळ दारा शुकोहचे ग्रंथालय म्हणून ओळखली जाणारी इमारत पाहा. १६५९ मध्ये दाराचा वध झाला. पुढे कंपनीचा रेसिडेंट ऑक्टरलोनी तेथे राहिला. मग महाविद्यालय, शाळा, पुरातत्त्व खात्याचे कार्यालय अशी बिऱ्हाडे तिने पाहिली, आणि २०२३ मध्ये तेथे फाळणीचे संग्रहालय उघडले. दर्शनी भागात युरोपीय धाटणीचे उंच खांब, त्यांच्यामागे मुघल कमानी. प्रत्येक रहिवाशाने काही ना काही बदलले. पण कोणी ना कोणी राहत होते, म्हणून ती टिकली.

चांदणी चौकातील टाउन हॉलच्या वाट्याला हे भाग्य आले नाही. १८६०च्या दशकातील ही इमारत पिढ्यानपिढ्या दिल्लीच्या नगरपालिकेचे घर होती. महापालिका मिंटो रोडजवळच्या बहुमजली इमारतीत गेली आणि टाउन हॉल ओस पडला. हॉटेल करावे, संग्रहालय करावे, अशा योजना आल्या-गेल्या. दशक उलटून गेले. रिकाम्या घराचे छप्पर गळू लागले तरी ओरडणारे कोणी नसते.

आता हाच प्रश्न कैकपट मोठ्या प्रमाणावर उभा आहे. १९ सप्टेंबर २०२३ रोजी संसद नव्या भवनात गेली आणि जुने भवन ‘संविधान सदन’ झाले. नॉर्थ व साउथ ब्लॉकमध्ये ‘युगे युगीन भारत’ हे राष्ट्रीय संग्रहालय साकारायचे ठरले असून त्याला फ्रेंच तज्ज्ञांचे साह्य आहे. घोषणेच्या वेळी दालनांची संख्या ९५० सांगितली गेली. वास्तू पाडायची नाही, हा निर्णय स्वागतार्हच. पण हर्बर्ट बेकर यांनी हे दोन्ही ब्लॉक सचिवालय म्हणून रचले: लांबच लांब मार्गिका आणि त्यांच्या कडेला खोल्या. संग्रहालयाला मोकळी प्रशस्त दालने, नियंत्रित तापमान आणि मूर्तींचे वजन पेलणारी जमीन लागते. मुंबईत कावसजी जहांगीर हॉलचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात रूपांतर होऊन ते १९९६ मध्ये उघडले, तेव्हा आतला अवकाश जवळजवळ नव्याने रचावा लागला होता. एका सभागृहासाठी ते साधले. शेकडो खोल्यांच्या बाबतीत कारागिरीइतकाच संयमही लागेल. शिवाय प्रत्येक जुनी इमारत संग्रहालयच का व्हावी, हे मला अद्याप उमगलेले नाही. ग्रंथालये, न्यायालये, विद्यापीठाचे वर्ग यांना दिल्लीत जागा पुरेशी आहे, असे कोण म्हणेल?

या स्थलांतरात एक इमारत मात्र चर्चेच्या कडेलाच राहते. राष्ट्रीय संग्रहालयाचा संग्रह हलला की जनपथावरील त्याचे सध्याचे घर रिकामे होईल. डिसेंबर १९६० मध्ये ते खुले झाले. त्याचे वास्तुविशारद गणेश भिकाजी देवळालीकर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचे पहिले भारतीय प्रमुख. सर्वोच्च न्यायालयाची इमारतही त्यांचीच. बेकर-लुटियन्सच्या दिल्लीला न दुखावता तिच्यात प्रजासत्ताकासाठी जागा करणारी ही पिढी. तिच्या कामाकडे आपण ना प्राचीन म्हणून पाहतो, ना आधुनिक म्हणून.

अशा इमारतींचे काय होते, याचा दाखला प्रगती मैदानावर मिळाला आहे. राज रेवाल आणि अभियंता महेंद्र राज यांनी १९७२च्या आशियाई व्यापार मेळ्यासाठी उभारलेले काँक्रीटचे ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत जमीनदोस्त झाले. दिल्लीच्या वारसा संवर्धन समितीने साठ वर्षांहून जुन्या इमारतींचाच विचार करायचे ठरवले होते. हे सभागृह पंचेचाळीस वर्षांचे होते. जनपथावरील इमारतीने साठी ओलांडली आहे. तेवढी अट तरी ती पूर्ण करते.