बोगद्यातली रेंज कुठून येते?

ग्वाल्हेरच्या फूलबागेत झाशीच्या राणीची समाधी मोकळ्या आभाळाखाली आहे. तिथे मोबाईलच्या लहरींना अडवणारं फारसं काही नाही. जवळच्याच किल्ल्यावर राजा मानसिंह तोमराचं मानमंदिर आहे आणि त्याचे दोन मजले जमिनीखाली आहेत. तिथल्या वालुकाश्माच्या जाड भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण बाहेरच्या टॉवरचा सिग्नल त्यांतून आत पोचणं अवघड. १८७४ साली पूर्ण झालेला जयविलास महाल घ्या किंवा शहराच्या लष्कर भागातले जुने वाडे घ्या, दगडविटांच्या जाड भिंतींआड कमीअधिक हीच अडचण. आणि आता सगळीकडे एक वाक्य ऐकू येतं: फाइव्ह-जी आलं आणि घरातली रेंज गेली.

ही तक्रार खरी आहे, निदान मात्र अपुरं आहे. भिंतीला टू-जी, फोर-जी, फाइव्ह-जी यांतला फरक कळत नाही. तिच्यापुढे येते ती ठरावीक लांबीची रेडिओलहर. लहर जितकी लांब, म्हणजे तिची वारंवारता जितकी कमी, तितकी ती भिंतीतून आणि कोपऱ्यांवरून सहसा बरी जाते.

भारतातला पहिला मोबाईल कॉल झाला ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळातली सेवा ९०० मेगाहर्ट्झवर चालायची. तिची लहर साधारण ३३ सेंटिमीटरची. शिवाय त्या पट्ट्यात टू-जीचा हँडसेट बोलताना दोन वॉटपर्यंत शक्ती वापरू शकायचा. आजचा फोर-जी फोन सहसा ०.२ वॉटवर थांबतो. ही बाजू फारशी कुणी सांगत नाही. टॉवर फोनपर्यंत पोचणं पुरेसं नसतं, फोनचा आवाजही टॉवरपर्यंत पोचावा लागतो. जुन्या फोनची तळघरातली कर्तबगारी निम्मी या जोरावर होती.

फाइव्ह-जी देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालं. त्याचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. लहर जेमतेम नऊ सेंटिमीटरची. ती वेग भरपूर देते आणि भिंतीत दमते. पण त्याच वर्षीच्या लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झही घेतला. त्याची लहर ४३ सेंटिमीटरची, टू-जीच्या त्या पहिल्या लहरीपेक्षाही लांब. म्हणजे एकाच पिढीत भिंत सहज ओलांडणारी लहर आहे आणि अडखळणारीही. २६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातली लहर तर सुमारे बारा मिलिमीटरची, हाताच्या पंजानेही अडते. अशा मिलिमीटर लहरींवर जगदीशचंद्र बोस कोलकात्यात १८९०च्या दशकातच प्रयोग करत होते, याचा आपल्याला अभिमान हवा.

इमारतीही बदलल्या आहेत. सळयांच्या जाळीचं काँक्रीट आणि उष्णता परतवण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच, ही दोन्ही सिग्नलची शत्रू. अशी काच सिग्नल शंभर पटींनी किंवा त्याहूनही क्षीण करू शकते. जुनी साधी विटांची भिंत तिच्यापेक्षा कितीतरी दयाळू.

बोगद्याचं गणित मात्र वेगळंच आहे, आणि मला तेच सर्वांत विलक्षण वाटतं. रिकाम्या, सरळ बोगद्यात कमी वारंवारतेची लहर लवकर मरते. गाडी बोगद्यात शिरली की रेडिओ खरखरतो तो म्हणूनच. मोबाईलच्या लहरी बोगद्याच्या रुंदीच्या मानाने लहान असतात. भिंतींवरून परावर्तित होत त्या बऱ्याच पुढे जातात. भिंतीपुढे जी वारंवारता दुबळी ठरते, तीच इथे सरस ठरते. पण बोगदा वळला किंवा धातूच्या डब्यांच्या गाडीने तो भरून गेला की हा लाभ संपतो. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. समृद्धी महामार्गावर जून २०२५मध्ये खुला झालेला इगतपुरी-कसारा बोगदा पावणेआठ किलोमीटरचा. तोंडाशी उभा केलेला टॉवर एवढं अंतर भरवशाने पार करून देणार नाही.

म्हणून सिग्नल आत न्यावा लागतो. त्यासाठी बोगद्याच्या भिंतीवरून एक खास केबल टाकतात. तिच्या बाहेरच्या धातूच्या आवरणाला ठरावीक अंतरावर फटी ठेवलेल्या असतात. शेतातल्या ठिबकच्या नळीतून पाणी झिरपावं तसा तिच्यातून सिग्नल झिरपतो. पिढीचा खरा प्रश्न इथे येतो. केबल जाड असेल तर सिग्नल कमी वाया जातो, पण तिची वारंवारतेची वरची मर्यादाही खाली येते. सुमारे ४२ मिलिमीटर जाडीची, अनेक ठिकाणी वापरलेली केबल २७०० मेगाहर्ट्झच्या आसपास थकते. तिच्यातून फोर-जी उत्तम चालतं, फाइव्ह-जीचा मुख्य पट्टा चालत नाही. त्यासाठी बारीक केबल हवी, आणि तिच्यात सिग्नल अधिक लवकर ओसरतो, म्हणून मध्ये यंत्रं जास्त हवीत. वेग वाढवायला एकाऐवजी दोन किंवा चार केबल लागतात, आणि त्यांना भिंतीवर जागा आधीच राखावी लागते.

पण तंत्र असलं म्हणजे सिग्नल मिळतोच असं नाही. मुंबईची मेट्रो-३ हे याचं ताजं उदाहरण. आरे ते कफ परेड ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यांपैकी २६ भुयारी. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू झाला आणि प्रवाशांची पहिली मोठी तक्रार नेटवर्कचीच होती. तंत्र उपलब्ध होतं. वाद होता तो भुयारातली यंत्रणा कोणी बसवायची आणि तिच्या वापराचे पैसे कोणी, किती द्यायचे याचा. मेट्रो प्रशासनाने हे काम एका स्वतंत्र कंपनीकडे दिलं होतं. दूरसंचार कंपन्यांना ती अट आणि ते दर मान्य नव्हते. तिकिटं काढता यावीत म्हणून स्थानकांत वाय-फाय दिलं गेलं, पण दोन स्थानकांच्या मध्ये प्रवाशाच्या हाती काही उरत नव्हतं. माझ्या मते हा वाद पहिली गाडी धावण्याआधी मिटायला हवा होता. कोणत्याच कंपनीचा सिग्नल नसेल तर ११२ क्रमांकही लागत नाही. भुयारात नेटवर्क हे अग्निशमनाच्या नळाइतकंच सुरक्षेचं साधन आहे.

इमारतींसाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४मध्ये डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियम काढले आहेत. ग्वाल्हेर असो वा पुणे, नवा फ्लॅट घेताना किंवा पुनर्विकासाच्या करारावर सही करताना बिल्डरला आतल्या अँटेनांची आणि केबलची सोय कुठे आहे ते विचारा. इमारत उभी असेल तर फोन घेऊन तळघरातल्या पार्किंगमध्ये आणि लिफ्टमध्ये जा, आणि सही करण्याआधी तिथून एक कॉल लावून बघा.