शेवटच्या तीस यार्डांचा हिशेब

पन्नाशी उलटल्यावर पेढीची सूत्रे मुलांच्या हाती सोपवून मी गोल्फच्या मैदानावर पाऊल ठेवले. आरंभी सारे लक्ष एकाच गोष्टीकडे होते : चेंडू किती दूर जातो. परंतु व्यापाऱ्याच्या नजरेला लवकरच एक गोष्ट उमगली. दोनशे यार्डांचा दणदणीत फटका हिशेबात एकच धरला जातो आणि ग्रीनच्या काठावरून फसलेला फटकाही एकच. माझी तूट येत होती ती ग्रीनवर चेंडू पोहोचविणाऱ्या फटक्यांत, म्हणजेच अ‍ॅप्रोच शॉटमध्ये.

नवशिक्याची पहिली चूक म्हणजे चेंडू उचलण्याचा अट्टहास. वस्तुतः ते काम काठीचे आहे. सँड वेजच्या पात्याला साधारण ५६ अंशांचा कल असतो. चेंडू त्यानेच वर उठतो. आपण उचलू गेलो की शरीराचा भार मागे जातो आणि पाते चेंडूच्या मध्यावर आदळून तो ग्रीनपलीकडे धावत सुटतो. नाहीतर आधी जमीन खणली जाते आणि चेंडू जेमतेम हातभर सरकतो.

उपाय साधा आहे. पाय जवळ घ्यावेत, भार किंचित डाव्या पायावर ठेवावा, हात चेंडूच्या थोडे पुढे असावेत आणि मनगटे शांत राहावीत. अंतर वाढवायचे ते जोराने नव्हे, तर काठी किती मागे नेतो त्यावरून. मध्येच भिऊन हात आखडला, की फटका बिघडलाच. वाटेत बंकर नसेल तर उंच फटक्याचा मोह टाळावा. आठ क्रमांकाच्या आयर्नने चेंडू ग्रीनच्या कडेवर टाकून पुढे घरंगळू द्यावा. सरावासाठी पडण्याच्या जागी एक पंचा अंथरावा आणि ध्वजाकडे न पाहता तो पंचा गाठावा.

हे शिकत असतानाच एक प्रसंग घडला. एका होलवर ग्रीनजवळच माझे पाच फटके गेले. मित्राने आकडा विचारला, तेव्हा एकूण नऊ झाले असताना मी सात सांगितले. मित्राने लिहून घेतले. कॅडीने मात्र मान खाली घातली.

त्या रात्री बॉबी जोन्स या अमेरिकन खेळाडूविषयी वाचले. १९२५ च्या यू. एस. ओपन स्पर्धेत ग्रीनलगतच्या उंच गवतातून फटका मारण्याच्या तयारीत असताना त्याचा चेंडू किंचित हलला. इतर कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. तरीही त्याने स्वतःहून एक दंडफटका मोजून घेतला. अखेरीस विली मॅकफार्लेनशी बरोबरी झाली आणि निर्णायक लढतीत जोन्स एका फटक्याने हरला. तो दंड घेतला नसता, तर बरोबरीची वेळच आली नसती.

जन्मभर मी खातेवहीत एका पैशाचीही खोट चालू दिली नव्हती. येथे तर पैसाही पणाला नव्हता. होता केवळ चारचौघांतील संकोच. दुसऱ्या रविवारी मित्रांना मी खरा आकडा सांगितला. ते हसले. कॅडीने काही न बोलता माझ्या हातात वेज दिली आणि तीस यार्डांवर पंचा अंथरला.