सूक्ष्मथेंबांतील विकर आणि एकटी पेशी

सोलापूरहून विजापूरकडे जाणाऱ्या मार्गावर मंद्रूप हे गाव लागते. तेथील शाळूच्या रानातील एक ग्रॅम काळी माती घेतली, तर तीत कोट्यवधी जीवाणू असतात. शेतात फवारलेल्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाचे विघटन करणारे विकर यांपैकी कोणाजवळ आहे, असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याने घेतला असे समजू. परीक्षानळीतून त्यास जे उत्तर मिळेल ते सरासरीचे. लक्षांत एखादाच समर्थ जीवाणू असला, तर तो या सरासरीत बुडून जाईल. आणि बहुसंख्य जीवाणू पेट्रीच्या बशीत वाढतच नसल्याने तोही मार्ग अपुरा पडतो.

यावरील उपाय दिसावयास साधा आहे. प्रत्येक पेशीस तिचे स्वतंत्र पात्र द्यावे. वीस मायक्रॉन व्यासाच्या पाण्याच्या थेंबाचे आकारमान सुमारे 4.2 पिकोलिटर भरते. म्हणजे एक मिलिलिटर पाण्यातून असे सुमारे चोवीस कोटी थेंब होतात. विकराचा एक रेणू सेकंदास एक हजार उत्पादित रेणू निर्माण करतो असे धरल्यास, तासाभरात त्या थेंबातील उत्पादिताची संहती लिटरमागे 1.4 मायक्रोमोलच्या आसपास जाते आणि ती सहज मोजता येते. तोच रेणू एक मिलिलिटर पाण्यात असता, तर ही संहती चोवीस कोटी पटींनी कमी राहिली असती व काहीच दिसले नसते.

ही कल्पना नवी नाही. 1958 मध्ये नॉसल व लेडरबर्ग यांनी एकेक प्रतिपिंडजनक पेशी सूक्ष्मथेंबांत ठेवून तपासली. 1961 मध्ये बोरिस रोटमन यांनी सिलिकोन तेलातील थेंबांत बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे सुटे रेणू मोजले. त्यांच्या प्रयोगातील एक निष्कर्ष मला विशेष मोलाचा वाटतो. विकर तापविले असता त्याची क्रियाशीलता निम्मी झाली, तर प्रत्येक रेणू अर्धा दुर्बल झाला, की निम्मे रेणू पूर्ण निकामी झाले? नळीतील मापनास हे दोन्ही प्रकार सारखेच. थेंबांनी दाखविले की दुसरा प्रकार खरा. जे रेणू टिकले ते पूर्ववत् काम करीत होते.

पुढे 1998 मध्ये टॉफिक व ग्रिफिथ्स यांनी जनुक आणि त्यापासून झालेले विकर एकाच थेंबात कोंडून निवडीचा मार्ग मोकळा केला. आज बारीक नलिकांतून तेल व पाणी वाहवून सेकंदास हजारो समान थेंब पाडता येतात, आणि जे प्रतिदीप्त होतील ते विद्युत्क्षेत्राने वेगळे काढता येतात. केंब्रिज येथील गटाने 2015 मध्ये पर्यावरणातून मिळविलेल्या डीएनएच्या दशलक्षावधी तुकड्यांतून, फॉस्फोट्रायएस्टर तोडणारी विकरे याच रीतीने शोधली. आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न याहून फारसा वेगळा नाही.

मात्र पेशी थेंबांत यदृच्छेने शिरतात. थेंबामागे सरासरी 0.1 पेशी ठेवल्यास सुमारे नव्वद टक्के थेंब रिकामे जातात. पण भरलेल्यांपैकी सुमारे पंच्याण्णव टक्क्यांत पेशी एकच असते. हा अपव्यय पत्करावाच लागतो. शिवाय काही प्रतिदीप्त द्रव्ये तेलातून शेजारच्या थेंबात झिरपतात आणि निरपराध पेशीस श्रेय मिळते! मंद्रूपच्या मातीबाबत अडचण आणखी एक आहे: काळ्या मातीतील चिकणकण पेशी, डीएनए व विकरे यांस घट्ट धरून ठेवतात आणि बारीक नलिकाही तुंबवितात. तेव्हा थेंब पाडण्यापूर्वी पेशी मातीपासून सोडविणे, हेच या कामाचे पहिले व बहुधा सर्वांत कष्टाचे प्रकरण ठरेल.