मेणाचे घर

वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा सप्टेंबरात भरते. ८ सप्टेंबर हा मेरीमातेचा जन्मदिन. त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर टेकडीवर माणसांची रीघ लागते. तेथले सध्याचे चर्च १९०४ सालचे. ख्रिस्ती भाविक तर येतातच, पण आमच्यासारखे हिंदूही पुष्कळ येतात.

वाटेवरच्या दुकानांत नवसाच्या मेणाच्या वस्तू मांडलेल्या असतात. पाय दुखतो त्याने पाय वाहावा, मूल हवे त्याने बाळ आणि जागा हवी त्याने घर! यंदा आमच्या सौ.ने घर घेतले. आमची चाळ पाडल्याला चार वर्षे झाली. नव्या इमारतीचा पाया अजून पाण्यातच आहे. भाड्याची ही तिसरी जागा. ८१ वर्षांची माझी आई रोज संध्याकाळी विचारते, “आपल्या घरी कधी जायचं रे?”

रांगेत मनात आले, या माउलीला तरी घर कुठे मिळाले? लूक सांगतो, उतारशाळेत जागा नव्हती म्हणून तिने बाळ गव्हाणीत निजवले. मत्तय सांगतो, पुढे ते बाळ घेऊन रातोरात मिसर देशी पळावे लागले. बिऱ्हाड हलत राहिले, पण घर मोडले नाही. घर म्हणजे भिंती नव्हेत, माणसे!

हे मी सौ.ला ऐकवले. ती म्हणाली, “तुमचं खरं. पण सासूबाईंना भिंतीही हव्यात. आणि जिला जागा मिळाली नाही, तिलाच ते कळेल. म्हणून तर तिच्याकडे मागायचं.”

यावर मला उत्तर सुचले नाही. मी मुकाट्याने मेणाचे घर पुढे केले.